यादीत नाव हवं, माणूस चव्हाट्यावर नको

३० एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची गट-ब आणि गट-क सेवांची संयुक्त पूर्वपरीक्षा होती. परीक्षेला आठवडा उरला असताना नव्वद हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रं टेलिग्रामच्या एका चॅनलवर येऊन पडली. आपल्याकडे प्रश्नपत्रिकाही आहे आणि उमेदवारांची इतर माहितीही आहे, असा दावा चॅनल चालवणाऱ्याने केला. आयोगाने तो फेटाळला, प्रवेशपत्रं उतरवून घेण्याची बाह्यलिंक बंद केली, नवी मुंबईत गुन्हा नोंदवला आणि परीक्षा ठरल्या दिवशीच घेतली. पुढे नवी मुंबईच्या सायबर पोलिसांनी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीतून एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला अटक केली. तो सायबर सुरक्षेचंच शिक्षण घेत होता आणि प्रश्नपत्रिका मिळवून देण्यासाठी डार्क वेबवरून त्याला चारशे डॉलरची सुपारी मिळाली होती, असं पोलिसांनी सांगितलं. प्रश्नपत्रिका त्याच्या हाती लागली नव्हती. प्रवेशपत्रं मात्र लागली होती.

प्रश्नपत्रिका सुरक्षित आहे म्हटल्यावर सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि बातमी मागे पडली. ज्यांची प्रवेशपत्रं उघड्यावर पडली त्या नव्वद हजार माणसांचं काय, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. प्रवेशपत्र म्हणजे काय असतं ते जरा जवळून पाहू. त्यावर उमेदवाराचं पूर्ण नाव असतं, छायाचित्र असतं, स्वाक्षरी असते, बैठक क्रमांक असतो आणि परीक्षा केंद्राचा पत्ता असतो. एखादी मुलगी येत्या रविवारी कोणत्या शहरातल्या कोणत्या शाळेच्या फाटकातून किती वाजता आत जाणार आहे, हे तिच्या फोटोसकट कोणाही परक्या माणसाला त्या आठवड्यात कळू शकत होतं. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध परीक्षा देणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, कोणाचा तरी पाठलाग चुकवत आलेली, अशा बायका त्या नव्वद हजारांत नसतीलच असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? फोटो आणि स्वाक्षरी एका कागदावर मिळाली की खोटी कागदपत्रं बनवणाऱ्याचं निम्मं काम होतं, ही गोष्ट तर निराळीच.

त्या वेळचा कायदाही या माणसांच्या बाजूने उभा नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ निष्काळजीपणे माहिती हाताळणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याची वाट दाखवत होतं, पण ते फक्त कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांना लागू होतं. सरकारी खातं किंवा लोकसेवा आयोग त्याच्या कक्षेबाहेर होते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने सायबर घटनेची खबर सहा तासांत देण्याचा आदेश काढला आणि तो सरकारी संस्थांनाही लागू केला. पण ती खबर द्यायची ती सर्ट-इनला, ज्याची माहिती गेली त्या माणसाला नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला दिला होता. साडेपाच वर्षं उलटली तरी भरतीच्या उमेदवाराच्या हातात त्या हक्काचं काहीही पडलेलं नव्हतं.

चोरी झाली की निदान गुन्हा दाखल होतो. मला जास्त काळजी वाटते ती सरकारी कार्यालयं आपल्या हाताने, रीतसर सहीशिक्क्यानिशी, उमेदवारांची जी माहिती जगापुढे ठेवतात तिची. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या भरतीत उघडं काय असावं आणि झाकलेलं काय असावं, याचा हिशेबच उलटा झाला आहे. निवड कशी झाली, गुण कसे दिले, माहिती कोणाच्या ताब्यात आहे, हे उघडं हवं. तिथे उमेदवाराला माहिती अधिकाराचे अर्ज आणि अपिलं करावी लागतात. आणि जन्मतारीख, अनाथपण, वैधव्य, दिव्यांगत्व यांसारख्या ज्या गोष्टी त्या माणसाच्या आणि पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मध्ये राहायला हव्यात, त्या संकेतस्थळावर पीडीएफ होऊन बसतात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण सरकारी नोकरीचा अर्ज इथे घरोघर आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली मुलं मोशी, भोसरी, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. कारखान्यात ठेकेदाराकडे किंवा ट्रेनी म्हणून काम करतात, आणि शिफ्ट संपली की पोलीस भरतीच्या तयारीसाठी मैदान गाठतात. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव, हिंजवडी त्याच्या हद्दीत आले. या आयुक्तालयाने शिपायांच्या ७२० जागांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये लेखी परीक्षा घेतली तेव्हा जवळपास १ लाख ९० हजार अर्ज आले होते. हिंजवडीच्या एका केंद्रावर आत सिमकार्ड, बॅटरी आणि माइक बसवून आणलेला मास्क सापडला, त्यामुळे ती परीक्षा गाजली. मला मात्र दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. ७२० जणांना नोकरी द्यायची म्हणून पावणेदोन लाखांहून अधिक माणसांचं नाव, पत्ता, जात, जन्मतारीख, मोबाइल, छायाचित्र गोळा झालं. ज्यांना ती नोकरी कधीच मिळणार नव्हती त्यांचीच माहिती त्यात सर्वांत जास्त होती. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदं होती आणि अर्ज दहा लाखांवर. भरती संपल्यावर या लाखो अपयशी उमेदवारांची माहिती सांभाळून ठेवण्याचं कारण काय, आणि ती किती दिवस ठेवायची, हे ज्याने अर्ज भरला त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आता एखादी भरतीची यादी उघडून एकच ओळ वाचा. अर्ज क्रमांक, छाती क्रमांक, उमेदवाराचं वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, जन्मतारीख, लिंग, जातीचा प्रवर्ग, समांतर आरक्षण, मैदानी गुण, लेखी गुण, शेरा. सगळ्या खात्यांच्या याद्या अगदी सारख्या नसतात, पण रकाने साधारण हेच. यातला समांतर आरक्षणाचा रकाना नीट पाहा. तिथे 'प्रकल्पग्रस्त' लिहिलेलं असतं, 'भूकंपग्रस्त' लिहिलेलं असतं, 'माजी सैनिक' असतं, आणि २०१८ पासून राज्याने एक टक्का आरक्षण दिल्यावर 'अनाथ'ही असतं. बालगृहात वाढलेल्या मुलाने आपली ही ओळख कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हे पुढच्या आयुष्यात त्याचं त्याने ठरवायचं असतं. यादीने ते त्याच्यासाठी ठरवून टाकलेलं असतं. अंगणवाडीच्या भरतीत विधवा किंवा अनाथ असलेल्या उमेदवाराला वाढीव गुण मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण गुण कशाचे मिळाले हे नावापुढे छापून गावात लावल्याशिवाय ते देता येत नाहीत का? डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या सुनावणीत राज्य सरकारने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी वेगळा पर्याय द्यायचं मान्य केलं. मोठी लढाई होती ती, आणि जिंकलीही. पण अर्जातला तो पर्याय जर तसाच्या तसा सार्वजनिक यादीच्या लिंगाच्या रकान्यात उतरला, तर घरी अजून काही न सांगितलेल्या उमेदवारासाठी तो हक्क धोक्याचाच ठरतो.

कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर नुसतं यादीत नाव येणंही महागात पडू शकतं. मुलगा दुसरीकडे परीक्षा देतोय हे ठेकेदाराला कळलं की पुढच्या महिन्यात गेटपास मिळेल की नाही, याची धास्ती त्याला असते. नाव छापू नका असं मी म्हणत नाही. सार्वजनिक पदासाठी निवड झाली तर नाव जाहीर व्हायलाच हवं. पण निवड न झालेल्यांची, गैरहजर राहिलेल्यांची, कागदपत्रात त्रुटी निघाल्यामुळे अपात्र ठरलेल्यांची नावं कारणांसह जगाला सांगण्याचं प्रयोजन काय? त्यांना त्यांचं कारण त्यांच्या लॉगिनमध्ये कळवता येतं. इतरांना बैठक क्रमांक आणि गुण पुरेसे आहेत.

पूर्वीही याद्या लागत होत्याच, मग आताच ही ओरड का, असं जुन्या कार्यालयीन पठडीतली माणसं विचारतील. याद्या लागत होत्या हे खरं, पण कार्यालयाच्या फलकावर. तिथे जाऊन ज्याला वाचायची त्याने वाचायची, आठ-पंधरा दिवसांनी त्यावर दुसरा कागद यायचा. कागदाला मरण असायचं, आणि तेही नियमाने ठरवलेलं. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत अभिलेखांचं अ, ब, क, क-१, ड असं वर्गीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. 'अ' वर्गातली कागदपत्रं कायमची, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच आणि 'ड' वर्गातली वर्षभरात नष्ट करायची. कोणत्या कागदाची गरज किती दिवस, हा विचार या राज्याच्या प्रशासनाला नवा नाही. तो अभिलेख कक्षात लाल फडक्यात बांधून ठेवलेला आहे. संकेतस्थळावर चढवलेल्या पीडीएफला मात्र कोणी वर्ग दिला नाही. दहा वर्षांपूर्वी अपात्र ठरलेल्या उमेदवाराचं नाव शोधलं तर ती यादी आजही वर येऊ शकते. मूळ संकेतस्थळावरून ती काढली तरी भरतीची माहिती देणाऱ्या खासगी साइट आणि टेलिग्रामचे गट तिच्या प्रती ठेवून बसलेले असतात. जे परत घेता येत नाही ते देताना जास्त विचार करायचा असतो. इथे तो मुळीच केलेला नाही.

यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप पारदर्शकतेचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. महाराष्ट्रातल्या भरतीचा इतिहासच असा आहे की झाकलेल्या गोष्टीवर उमेदवाराचा विश्वास बसत नाही, आणि बसू नये. जानेवारी २०२४ मध्ये तलाठी भरतीचे गुण जाहीर झाले तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला २१४ गुण दिसले. अनेक सत्रांत झालेल्या परीक्षेचे गुण एका पातळीवर आणण्याच्या सूत्रामुळे असं झालं, हा खुलासा त्यानंतर आला. यादी जाहीर झाली नसती तर ते सूत्र लोकांना कळलंही नसतं. पुणे जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिक भरतीतल्या एका उमेदवाराने इतर उमेदवारांचे गुण माहिती अधिकारात मागितले तेव्हा ते नाकारले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. महेश सोनक आणि न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने ते देण्याचा आदेश दिला. सार्वजनिक भरतीत मिळालेले गुण उघड केल्याने कोणाच्या खासगीपणावर अवाजवी घाला पडत नाही, असं न्यायालयाने म्हटलं, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. हा निकाल मला पूर्ण मान्य आहे.

पण या दोन्ही प्रकरणांत सत्य बाहेर काढलं कशाने, ते पाहा. गुणांनी. तलाठी भरतीतला प्रश्न विचारायला कोणाची जन्मतारीख लागली नाही, कोणाचा मोबाइल क्रमांक लागला नाही, कोण अनाथ आणि कोण विधवा हे लागलं नाही. उच्च न्यायालयानेही गुण खुले केले ते निवडीच्या प्रामाणिकपणाशी त्यांचा थेट संबंध आहे म्हणून. उमेदवाराचं सगळं आयुष्य खुलं करा असं त्यात कुठेही नाही. निवडीचा न्याय तपासायला जी माहिती लागते ती सार्वजनिक, आणि जिने फक्त माणूस ओळखू येतो किंवा गाठता येतो ती खासगी, ही रेघ न्यायालयाने आखून दिलेलीच आहे. कार्यालयांनी ती यादीच्या रकान्यांवर ओढायची एवढंच बाकी आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात गाजलेलं पूजा खेडकर प्रकरण या रेघेची खरी कसोटी पाहतं, आणि ते घडलंही याच पट्ट्यात. प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी असलेल्या खेडकर यांनी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातून २०२२ मध्ये घेतलेलं दिव्यांगत्व प्रमाणपत्र वादात सापडलं. त्यासाठी दिलेला तळवड्याचा पत्ता एका कारखान्याचा निघाला. ३१ जुलै २०२४ ला संघ लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवेतून मुक्त केलं. त्यांनी आरोप नाकारले आहेत आणि प्रकरण न्यायालयात आहे. म्हणजे बघा, सगळं चव्हाट्यावर आलं म्हणून तर हे कळलं, असं कोणी म्हणेल. नीट पाहिलं तर तसं झालेलं नाही. जनतेला शंका आली ती दोन गोष्टींवरून. एक, आयोगाच्या निकालातलं नाव, क्रमांक आणि प्रवर्ग. दुसरी, त्यांच्या वडिलांनी लोकसभा निवडणूक लढवताना दिलेलं मालमत्तेचं शपथपत्र, जे मत मागणाऱ्या प्रत्येकाला कायद्याने जाहीर करावंच लागतं. पत्ता, वैद्यकीय प्रमाणपत्र, आधी दिलेल्या परीक्षांचा तपशील या बाकीच्या गोष्टी यंत्रणेच्या ताब्यात पहिल्यापासून होत्या. त्या जुळवून पाहण्याचं काम कोणी केलं नव्हतं. उमेदवाराने स्वतःचंच नव्हे तर आईवडिलांचं नावही बदलल्यामुळे किती वेळा परीक्षा दिली हे लक्षात आलं नाही, असं आयोगाने स्वतः सांगितलं आणि २००९ ते २०२३ मधल्या पंधरा हजारांवर उमेदवारांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. हे अपयश पडताळणीचं आहे. त्यावर औषध म्हणजे पडताळणी करणाऱ्याला जबाबदार धरणं. एका उमेदवाराचा खोटेपणा सापडावा म्हणून लाखभर खऱ्या उमेदवारांनी आपली प्रमाणपत्रं चौकात टांगायची, हे औषध नव्हे. त्या प्रकरणानंतर किती खऱ्या दिव्यांग उमेदवारांकडे संशयाने पाहिलं गेलं, तेही विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. तालुक्याच्या किंवा महापालिकेच्या आस्थापना विभागात दोन-तीन लिपिक असतात, एक्सेलची फाइल येते, ते तिची पीडीएफ करून चढवतात. त्यांच्याकडून कसल्या माहिती-सुरक्षेची अपेक्षा करता? माझ्या मते अपेक्षा अगदी छोटी आहे. त्या एक्सेलमधले चार रकाने पीडीएफ करण्याआधी काढून टाकायचे. त्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, दहा मिनिटं आणि वरून आलेलं एक लेखी परिपत्रक लागतं. तेवढं न केल्याची किंमत काय असते, हे उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाला विचारावं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी माहिती अधिकारासारख्याच एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेलची फाइल दिली. तिच्यात नजरेआड राहिलेल्या एका पानावर ९,४८३ अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दा आणि नेमणुकीचं ठिकाण होतं. अतिरेक्यांच्या सावटात काम करणाऱ्या त्या पोलिसांपैकी अनेकांना जिवाची धास्ती लागली. तिथल्या माहिती आयुक्तांनी पोलीस दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला. हा दंड एका सरकारी खात्याला झाला, आणि चूक लिपिकाची नव्हे, पद्धतीची धरली गेली. मुद्दा तोच आहे.

माहिती कार्यालयापाशी थांबत असती तर एवढं बोलणं पुरलं असतं. ती थांबत नाही. २०१७ मध्ये राज्याने महापरीक्षा पोर्टल आणलं, तक्रारींच्या रेट्यामुळे २०२० मध्ये ते गुंडाळलं, मग परीक्षा घेण्यासाठी खासगी कंपन्या नेमल्या, आणि त्यांच्यातही घोटाळे निघाल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये टीसीएस आणि आयबीपीएस यांच्यामार्फत परीक्षा घ्यायचं ठरवलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेने ब आणि क श्रेणीच्या पावणेचारशेवर जागांसाठी २०२३ मध्ये घेतलेली परीक्षा टीसीएसमार्फतच झाली. या प्रत्येक वळणावर लाखो उमेदवारांच्या माहितीचे साठे एका संस्थेकडून दुसरीकडे गेले असतील किंवा आधीच्या संस्थेकडेच राहिले असतील. भरतीच्या जाहिरातीत अर्ज कसा भरावा, फोटो किती केबीचा असावा, शुल्क परत मिळणार नाही, हे सगळं पानोपानी असतं. माझी माहिती कोणत्या कंपनीकडे जाणार, काम संपल्यावर ती पुसल्याचा दाखला कंपनी देणार का, याबद्दल सहसा एक ओळही नसते. कंपनीवर आंधळा भरवसा ठेवला की काय होतं, हे शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणाने दाखवून दिलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे सायबर पोलिसांनी परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संचालकाला अटक केली, पाठोपाठ परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना पकडलं, आणि आयुक्तांच्या पिंपळे गुरवच्या घराची झडती झाली. पुढे २०१९ च्या परीक्षेतल्या ७,८८० उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. उत्तरपत्रिका, गुण आणि उमेदवारांची ओळख हे तिन्ही एकाच हातात असलं की गुण बदलता येतात आणि गिऱ्हाईकही शोधता येतं. कोणाला किती गुण कमी पडले आणि त्याचा फोन नंबर काय, एवढं कळलं की दलालाला आणखी काय हवं? माहितीची राखण आणि परीक्षेची राखण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे माझ्या युक्तिवादातलं सर्वांत महत्त्वाचं कलम आहे. जून २०२४ मध्ये लागू झालेला केंद्राचा गैरप्रकारविरोधी कायदा प्रश्नपत्रिका फोडणाऱ्याला आणि दोषी कंपनीला जबर शिक्षा सांगतो, एक कोटीपर्यंतचा दंड सांगतो. पण त्याचं सगळं लक्ष प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि निकाल यांवर आहे. उमेदवाराची माहिती त्याच्या नजरेत नाही.

कंपनीच्याही आधीचा एक टप्पा आहे, तो चाकणच्या किंवा भोसरीच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात दिसतो. मोबाइलवर अर्ज नीट भरता येत नाही, फोटो आणि सही ठरावीक मापात बसवावी लागते, म्हणून मुलं सायबर कॅफेत जातात. दुकानदार आधार, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन करतो, डेस्कटॉपवर मुलाच्या नावाचं फोल्डर बनवतो, अनेकदा ईमेलही स्वतःचाच टाकतो आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवतो, कारण मुलगा विसरणार हे त्याला ठाऊक असतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सरकारने जी सोय केली नाही ती तो पंचवीस-पन्नास रुपयांत करतो आहे. दोष पहिल्याच पायरीवर सगळी कागदपत्रं मागणाऱ्या पद्धतीचा आहे. अर्ज करताना नाव, वय, शिक्षण आणि प्रवर्ग यांचं स्वयंघोषित निवेदन घ्यावं, आणि कागद मागावेत ते लेखी परीक्षेतून पुढे आलेल्यांकडूनच, पडताळणीच्या दिवशी. काही भरत्यांत हे होतंही. सरसकट झालं तर ७२० जागांसाठी लाख-दोन लाख संच जमा होण्याऐवजी काही हजार होतील. जी माहिती गोळाच केली नाही ती फुटत नाही आणि चोरीलाही जात नाही.

आता नवा कायदा आला आहे, थोडं थांबा, असं सांगितलं जाईल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि माहिती राखण्याच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. त्यात चांगलं पुष्कळ आहे. माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कळवावं लागेल. सुरक्षेत कुचराई केली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकेल. पण भरतीच्या उमेदवाराने त्यातली दोन-तीन कलमं सावधपणे वाचावीत. कायद्याने जी माहिती जाहीर करणं बंधनकारक आहे म्हणून कोणी जाहीर केली, तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे खात्याने यादीत चार रकाने जास्तीचे छापून 'नियमानुसार प्रसिद्ध' असा शेरा मारला, तर ते चारही रकाने संरक्षणाबाहेर गेले असा दावा खातं करू शकेल. शिवाय केंद्र सरकार ठरवेल त्या सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देता येते, आणि माहिती पुसून टाका असं सांगण्याचा हक्क सरकारपुढे बराच लंगडा आहे. सर्वांत मोठी भीती दुसरीच आहे. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधला समतोल काढून टाकला आणि 'वैयक्तिक माहिती' एवढ्याच कारणावर नकार देण्याची मुभा दिली. ही दुरुस्ती मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाली. उमेदवाराचं रक्षण करणारा भाग मागाहून आणि खात्याचं रक्षण करणारा भाग आधी, असा हा क्रम आहे आणि तो मला साफ नामंजूर आहे. उद्या एखादं कार्यालय जन्मतारखांसकट यादी चढवेल, आणि गुणांचा तपशील मागितला की 'वैयक्तिक माहिती' म्हणून दार लावेल. तेव्हा कलम ८(२) शिल्लक आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे प्रत्येक अपिलात ठासून सांगावं लागेल, आणि जिल्हा न्यायालयाच्या प्रकरणातला उच्च न्यायालयाचा निकाल सोबत जोडावा लागेल.

परदेशात हे सगळं सुतासारखं सरळ चालतं असं नाही, पण एक साधी गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये सरकारी नेमणुकीसाठी अर्ज करणाऱ्याला अर्जाबरोबरच सांगावं लागतं की तुमची माहिती कोणत्या कारणासाठी घेतो, कोणाला देतो, किती काळ ठेवतो आणि तक्रार कुठे करायची. कायद्याचं बंधन आहे ते. आपल्याकडच्या जाहिरातीत हा अर्ध्या पानाचा मजकूर घालायला पिंपरी-चिंचवड महापालिकेला किंवा पोलीस आयुक्तालयाला मे २०२७ ची वाट पाहायची गरज नाही. कोणताही कायदा त्यांना आज अडवत नाही. संकेतस्थळावरच्या जुन्या याद्या उतरवून त्यांना अभिलेखांसारखाच वर्ग आणि मुदत द्यायलाही कोणाच्या परवानगीची गरज नाही.

वाचकांपैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात कोणत्याही पदासाठी अर्ज भरला असेल, किंवा ज्यांच्या घरातल्या मुलामुलींनी भरला असेल, त्यांना एक विनंती आहे. ज्या कार्यालयाकडे अर्ज केला होता त्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याला साधा दहा रुपयांचा अर्ज करा. भरतीचं काम ज्या कंपनीला दिलं तिच्याशी झालेल्या कराराची प्रत मागा, आणि भरती संपल्यावर उमेदवारांची माहिती नष्ट केल्याची नोंद मागा. ही तुमची खासगी माहिती नव्हे, सरकारी कारभाराचे कागद आहेत, तेव्हा त्या कारणावर नकार देता येणार नाही. नोंद नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा. पुढच्या भरतीची जाहिरात निघण्याआधी अशी शंभर उत्तरं एकत्र आली, तर आयुक्तांना ती टेबलावर ठेवून जाब विचारता येईल.